दोन एक्स-रे, दोन आकडे आणि आईचा गुडघा

निशिगंधा (सोमवार, रात्री १०:१२)

आई ६८ वर्षांची आहे. डावा गुडघा चारेक वर्षांपासून दुखतोय. तीन वर्षांपूर्वी एक्स-रे काढला होता, तेव्हा रिपोर्टात आतल्या बाजूची, दोन हाडांमधली फट ४.६ मिमी लिहिली होती. गेल्या आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी काढला, तर ३.१ मिमी. म्हणजे तीन वर्षांत दीड मिलिमीटर गेली! भावाने तिथेच त्रैराशिक मांडलं: वर्षाला अर्धा मिलिमीटर, म्हणजे अजून सहा वर्षांत शून्य.

हे आईच्या कानावर गेलं आणि तेव्हापासून ती जिना चढायला तयार नाही. "जेवढी चालेन तेवढी झिजेल" म्हणते आणि खुर्चीत बसून राहते. गंमत म्हणजे दुखणं तीन वर्षांपूर्वी होतं तेवढंच आहे, किंबहुना थोडं कमीच.

मला उपचारांबद्दल विचारायचं नाहीये, त्यासाठी डॉक्टर आहेत. प्रश्न त्या आकड्याचा आहे. कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) किती झिजली हे मोजतात कसं, आणि ४.६ व ३.१ यांची अशी वजाबाकी करता येते का?

---

खवट_काका (सोमवार, रात्री १०:३१)

आधी एक भाषिक तक्रार. जो तो म्हणतो, "गुडघ्यात गॅप पडलाय." अहो, गॅप पडत नाही, गॅप *जातो*! निरोगी गुडघ्यात फट असते, झिजल्यावर ती कमी होते. हा उलटा शब्दप्रयोग कोणी रूढ केला कोण जाणे.

बाकी मुद्द्याचं जाणकार सांगतीलच. मी पुढच्या बाकावर बसतो.

---

क्षकिरण (सोमवार, रात्री ११:०५)

पंचवीस वर्षं एक्स-रेच्या खोलीत गेलीत, त्यामुळे राहवत नाही. जरा लांबेल.

एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. हाडात कॅल्शियम असतं म्हणून ते पांढरं उमटतं. कूर्चेतून किरण आरपार जातात. फिल्मवर तुम्हाला दिसतं ते वर मांडीच्या हाडाचं टोक, खाली नडगीचं टोक आणि मध्ये काळी पट्टी. आपण मोजतो ती पट्टी. त्या पट्टीत वरच्या हाडाची कूर्चा आहे, खालच्या हाडाची आहे आणि मेनिस्कसही आहे, म्हणजे दोन हाडांमधली ती चंद्रकोरीसारखी गादी. मेनिस्कस फाटून किंवा सरकून बाहेर आला, तरी पट्टी अरुंद होते. कूर्चा तेवढीच असली तरी! म्हणून 'फट कमी झाली' म्हणजे 'कूर्चा गेली' हे अर्धंच खरं.

आता महत्त्वाचं. ही पट्टी किती रुंद दिसेल हे माणूस कसा उभा आहे यावर ठरतं. आडवं झोपवून काढला तर हाडं एकमेकांवर दाबली जात नाहीत, फट ऐसपैस दिसते. उभं राहून काढला की वजन येतं. गुडघा सरळ ठेवून उभं राहिलं तर एक आकडा, किंचित वाकवून उभं राहिलं तर दुसरा. झीज पुष्कळदा मांडीच्या हाडाच्या गोलाईवर जरा मागच्या बाजूला असते, आणि पाय ताठ असताना तो भाग नडगीला टेकतच नाही. म्हणून १९८८ साली रोझेनबर्ग यांनी गुडघे ४५ अंशांत वाकवून मागून पुढे किरण सोडायची पद्धत मांडली. संशोधनात आता बऱ्याचदा 'फिक्स्ड फ्लेक्शन' वापरतात: मांड्या, गुडघ्याच्या वाट्या आणि पायाचे अंगठे समोरच्या फळीला टेकवायचे, पावलं जरा बाहेर फिरवायची आणि किरण १० अंश खाली कलवायचा. पावलं दर वेळी तशीच पडावीत म्हणून एक साचा असतो, त्यात माणूस अक्षरशः उभा करायचा.

निशिगंधाताई, एक काम करा. दोन्ही फिल्म उजेडावर धरा आणि नडगीच्या वरच्या पठाराची आतली बाजू बघा. त्या पठाराला पुढची कड असते आणि मागची कड असते, आणि पठार मागच्या बाजूला थोडं उतरतं. किरण त्या उताराला समांतर गेला असेल तर दोन्ही कडा एकावर एक पडतात, एकच ठसठशीत रेघ दिसते. नसेल गेला, तर चपटा लंबगोल दिसतो, बशीकडे जरा वरून पाहिल्यासारखा. लंबगोल दिसला की फट कुठल्या कडेपासून मोजायची हे मोजणाऱ्याच्या मर्जीवर. आम्ही दोन कडांमधलं अंतर साधारण एक-दीड मिलिमीटरच्या आत असावं असं बघतो.

फिल्मच्या कोपऱ्यात उभं राहून काढल्याची खूण आहे का, तेही पाहा.

---

निशिगंधा (मंगळवार, सकाळी ७:४८)

क्षकिरण, तुमचा प्रतिसाद वाचून सकाळी चहाच्याही आधी कपाट उपसलं.

नवी फिल्म: कोपऱ्यात उभं असल्याची खूण, पठाराची एकच रेघ. जुनी फिल्म: खूण नाही, आणि आतल्या बाजूला स्पष्ट लंबगोल! मला आधी ते हाडाचंच काहीतरी वाटायचं.

मग पट्टी घेऊन आम्ही तिघांनी जुनी फिल्म मोजली. मी ४, भाऊ ५, माझी मुलगी साडेतीन. भाऊ मधोमध मोजत होता, मुलगी सगळ्यात अरुंद जागी, आणि मी कुठे मोजलं ते मलाच सांगता येईना.

---

क्षकिरण (मंगळवार, सकाळी ८:२०)

बघा! एका फिल्मवर एकाच घरात दीड मिलिमीटर. तुमच्या आईची तीन वर्षांची 'झीज' तेवढीच होती.

(पट्टीने मोजू नका. गुडघा प्लेटपासून जरा दूर असतो, त्यामुळे सावलीसारखा मोठा उमटतो. शिवाय फिल्मचा प्रिंट लहानमोठा झालेला असू शकतो. संशोधनाच्या साच्यात माहीत असलेल्या अंतरावर धातूचे मणी बसवलेले असतात, त्यांच्यावरून हे दुरुस्त करतात.)

---

अनुपमा_दे (मंगळवार, सकाळी ९:१५)

मग ग्रेड कशावरून देतात? माझ्या रिपोर्टात फट किती ते लिहिलंच नाही, नुसतं 'केएल ग्रेड २' आहे.

---

सांधेवाला (मंगळवार, दुपारी १:४०)

अनुपमा, मी हाडांचा डॉक्टर आहे, दोन रुग्णांच्या मध्ये लिहितोय.

केएल म्हणजे केलग्रेन आणि लॉरेन्स, १९५७. शून्य ते चार. दोनमध्ये हाडाच्या कडेला निश्चित अंकुर दिसतात, ज्यांना आम्ही ऑस्टिओफाइट म्हणतो, आणि फट कमी झाल्याची शंका असते. तीनमध्ये फट निश्चित कमी. चारमध्ये ती जवळपास संपलेली आणि हाडाची टोकं बदललेली. म्हणजे ही मोजपट्टी नाही, जिन्याच्या पायऱ्या आहेत, आणि पायऱ्यांची उंची सारखी नाही. तीनच्या सुरुवातीपासून तीनच्या शेवटापर्यंत जाताना बरंच काही गेलेलं असतं, पण आकडा हलत नाही. दोनची व्याख्या तर आधी अंकुरांवर टेकलेली आहे, कूर्चेवर नाही.

निशिगंधा, चांगल्या पद्धतीने काढलेल्या एक्स-रेंवर अशा रुग्णांच्या गटाची सरासरी घट वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास येते. एखाद्याची त्यापेक्षा बरीच जास्त असते, काहींची वर्षानुवर्षं काहीच नसते. वर्षाला अर्धा मिलिमीटर ऐकलं की मी आधी फिल्मवर शंका घेतो, मग गुडघ्यावर. आणि सरळ रेषा ओढून शून्याची तारीख काढणं तर विसरा. हे रोज होणारं त्रैराशिक आहे आणि रोज चुकतं.

---

खवट_काका (मंगळवार, दुपारी २:०२)

मग एक्स-रेचा नाद सोडा, सरळ एमआरआय काढा. त्यात कूर्चा दिसते ना? संपला विषय.

---

पिक्सेलवेडा (मंगळवार, संध्याकाळी ६:३०)

काका, संपत नाही, तिथेच सुरू होतो. 🙂

माझं काम नेमकं हेच आहे: गुडघ्याच्या एमआरआयमधली कूर्चा संगणकाकडून आखून घेणं.

दिसते, हे खरं. पण रोजच्या तपासणीत जो एमआरआय काढतात त्याचे काप साधारण तीन-चार मिलिमीटर जाडीचे असतात. मेनिस्कस फाटलाय का, लिगामेंट शाबूत आहे का, हे बघायला ते पुरतात. गुडघ्याची कूर्चा मात्र बहुतेक ठिकाणी दोनेक मिलिमीटरचीच असते (वाटीमागची सोडून, ती शरीरातली सर्वांत जाड). एवढ्या जाड कापांवरून ती मोजायची म्हणजे सुतारकामाच्या टेपने कागदाची जाडी मोजण्यासारखं. म्हणून त्या रिपोर्टात जाडी लिहीत नाहीत, 'अमुक भागात अर्ध्याहून जास्त जाडी गेली', 'तमुक भागात हाड उघडं पडलं' अशी वर्णनं असतात. ती वर्णनं खरी असतात, पण त्यांची वजाबाकी होत नाही.

मोजायचं असेल तर वेगळा स्कॅन लागतो. अमेरिकेत २००४ पासून ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह नावाचा सांधेझिजेचा मोठा अभ्यास झाला. ४५ ते ७९ वयाची ४,७९६ माणसं, ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाची यंत्रं, वर्षानुवर्षं पाठपुरावा. त्यात ०.७ मिमी जाडीचे काप घेतले. कापाच्या आतला एक ठिपका साधारण ०.४ मिमीचा. म्हणजे कूर्चेच्या जाडीत ठिपके बसणार पाच. कड एका ठिपक्याने चुकली की वीस टक्के चूक!

मग लोक वर्षाला एक-दोन टक्क्यांचा बदल कसा पकडतात? सरासरीने. पृष्ठभागावर हजारो जागी जाडी मोजली, तर इकडची जास्त आणि तिकडची कमी अशी चूक एकमेकांना खाऊन टाकते. पण चूक एकाच दिशेची असेल तर हजार जागी मोजून काही होत नाही. मधेच यंत्र बदललं, सॉफ्टवेअर बदललं, पहिला स्कॅन एकाने आणि दुसरा दुसऱ्याने आखला, की अख्खी कूर्चा कागदोपत्री जाड किंवा पातळ होते. म्हणून काळजी घेणारे गट दोन्ही वेळचे स्कॅन एकाच माणसाला शेजारी शेजारी देतात, आणि आधीचा कोणता, नंतरचा कोणता हे त्याला सांगत नाहीत. सांगितलं की हात आपोआप नंतरची रेघ आत घेतो. मी स्वतःवर हे करून पाहिलंय. लाज वाटली.

हाताने एक गुडघा आखायला कित्येक तास लागायचे, आता न्यूरल नेटवर्क काही सेकंदांत किंवा मिनिटांत करतं. पण ते चुकतं नेमकं जिथे कूर्चा विरलेली असते तिथे. निरोगी भाग सुंदर आखतं. जिथे कूर्चा हाडापर्यंत गेली आहे तिथे 'इथे थोडी असेलच' असं समजून एक पातळ थर काढून देतं. मोजायचं असतं तेच लपतं. हाताने आखलेल्याशी एकूण जुळणीचे गुण मात्र छान येतात, कारण त्या गुणात निरोगी भागच जास्त असतो.

---

सुलेखा_फिजिओ (मंगळवार, रात्री ८:०५)

पिक्सेलवेडा, यात एक भर. स्कॅनच्या आधी माणूस काय करत होता, तेही मोजमापात येतं.

कूर्चेत निम्म्याहून खूप जास्त भाग पाणी असतो. दाब आला की पाणी बाहेर, दाब गेला की आत, स्पंजासारखं. खूप बैठका काढल्यावर वाटीमागची कूर्चा पाच-सहा टक्क्यांनी कमी भरल्याची मोजमापं आहेत, आणि विश्रांतीनंतर तासा-दीड तासात ती परत पूर्ववत होते. म्हणजे तीन-चार वर्षांच्या सरासरी 'झिजे'एवढा फरक एका व्यायामात! म्हणून चांगल्या अभ्यासात स्कॅनआधी माणसाला बसवून ठेवतात.

हे मी निशिगंधाच्या आईसाठी लिहितेय. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आतबाहेर करायला दाब-सोड लागते. चालण्याने ती दाब-सोड होते. "जेवढी चालेन तेवढी झिजेल" हे चाकाच्या टायरला लागू होईल, गुडघ्याला नाही. बसून राहण्याने मांडीचे स्नायू जातात, आणि मग गुडघा खरोखर दुखतो. किती आणि कसं चालायचं, हे त्यांना तपासलेल्या फिजिओने ठरवावं.

---

निशिगंधा (मंगळवार, रात्री ९:२०)

सुलेखा, हा परिच्छेद आईला मोठ्याने वाचून दाखवला. "टायर" या शब्दावर हसली. पुढचं अजून काही बोलली नाही.

आणखी एक विचारते. दुखणं वाढलं नाही आणि आकडा मात्र घसरला, हे शक्य तरी आहे का?

---

सांधेवाला (मंगळवार, रात्री १०:१०)

शक्य काय, नेहमीचं आहे. कूर्चेत मज्जातंतूही नाहीत, त्यामुळे कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, आजूबाजूच्या ऊती. एमआरआयवर हाडाच्या मज्जेत पांढुरके डाग दिसतात किंवा अस्तराला सूज दिसते, त्यांचा दुखण्याशी संबंध कूर्चेच्या जाडीपेक्षा जवळचा लागतो. माझ्याकडे ग्रेड चारचे गुडघे घेऊन डोंगर चढणारे येतात, आणि ग्रेड एकचे गुडघे घेऊन रात्र जागणारेही.

म्हणूनच पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसाला हालचालीने दुखतं, आणि सकाळचा ताठरपणा नाही किंवा अर्ध्या तासात सुटतो, एवढ्यावर निदान करा, चित्रांची गरज नाही, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेचं मार्गदर्शन सांगतं. लक्षणं वेगळी असतील, सूज अचानक आली असेल, गुडघा अडकत असेल, तर गोष्ट निराळी.

---

खवट_काका (मंगळवार, रात्री १०:४४)

म्हणजे एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते पण मोजता येत नाही, मोजली तर बैठकांनी बदलते, आणि एवढं करून तिचा दुखण्याशी संबंध सैल. मग हे मोजायचं कशाला? पिक्सेलवेडा, तुमची नोकरी धोक्यात आहे.

---

पिक्सेलवेडा (बुधवार, सकाळी ९:३०)

हाहा. नोकरी औषधांमुळे टिकून आहे, काका.

एका माणसाचा आकडा डळमळीत असला, तरी पाचशे जणांची सरासरी डळमळत नाही. स्प्रिफर्मिन नावाच्या औषधाची चाचणी घ्या, २०१९ मध्ये निकाल आला. ५४९ रुग्ण, सांध्यात इंजेक्शन, दोन वर्षांनी एमआरआयवर कूर्चेची जाडी. दर सहा महिन्यांनी मोठा डोस घेतलेल्यांची कूर्चा खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा सरासरी ०.०५ मिमीने जास्त भरली. एका ठिपक्याचा आठवा भाग! तरी तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला. मोजमापाचा हा विजयच आहे.

आणि दुखणं? दुखण्यात खोट्या इंजेक्शनपेक्षा लक्षणीय फरक नाही. म्हणजे तुमचा टोमणा अगदीच निराधार नाही.

पण याचा अर्थ मला वेगळा लागतो. जाडी हा फार उशिराचा पुरावा आहे. जाडी जायच्या आधी कूर्चा आतून बिघडते, कोलाजेनच्या तंतूंचं जाळं सैल होतं, पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू कमी होतात, पाणी वाढतं. सुरुवातीला काही भागांत ती फुगून *जाड* भरते. म्हणजे नुसती जाडी बघणारा त्या टप्प्यावर म्हणेल, वा, सुधारणा! म्हणून टी-टू मॅपिंगसारख्या पद्धती आल्या, ज्या जाडीऐवजी पाणी आणि कोलाजेनची अवस्था सांगतात. टी-वन-रो ही तशीच दुसरी पद्धत प्रोटिओग्लायकनकडे जास्त कल ठेवते. आणखी एक जुनी आणि फार हुशार कल्पना होती: शिरेतून ऋण भार असलेलं गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयमध्ये उठून दिसणारं औषध, द्यायचं. निरोगी कूर्चाही ऋण भाराची, ती त्याला ढकलून देते. बिघडलेली आत घेते. जिथे औषध शिरलं तिथे बिघाड. किती देखणं आहे हे! पण इंजेक्शन, मग थोडं चालायचं, मग दीडेक तास थांबायचं. रोजच्या कामात बसलं नाही.

याही पद्धतींना खोड्या आहेतच. कोलाजेनचे तंतू चुंबकीय क्षेत्राशी साधारण ५५ अंशांत आले की टी-टू आपोआप वाढतो. गुडघ्याच्या गोलाईवर असा कोन कुठेतरी येणारच, आणि नवखा माणूस तिथे रोग वाचतो.

---

अनुपमा_दे (बुधवार, दुपारी १२:००)

सोनोग्राफीने होत नाही का हे? स्वस्त पडेल.

---

क्षकिरण (बुधवार, दुपारी १२:२५)

गुडघा पूर्ण वाकवला की मांडीच्या हाडाच्या पुढच्या खाचेतली कूर्चा छान दिसते. वजन झेलणारा मुख्य भाग हाडाच्या आड जातो आणि आवाज हाडातून पलीकडे जात नाही. त्यामुळे पाणी, सूज बघायला उत्तम, झिजेच्या हिशेबाला अपुरी.

---

निशिगंधा (बुधवार, रात्री ९:५५)

भावाने धागा वाचला. त्याचा एकच प्रश्न आहे: मग फरक खरा आहे असं *कधी* म्हणायचं? किती मिलिमीटरनंतर? (तो ऑडिटर आहे, माफ करा.)

---

पिक्सेलवेडा (बुधवार, रात्री १०:३०)

ऑडिटरला आवडेल असं उत्तर आहे. एकच गुडघा काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा मोजायचा. इतक्यात झीज होत नाही, म्हणजे आकड्यांत जी पांगापांग दिसेल ती मोजमापाची. तिचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) काढायचं आणि २.७७ ने गुणायचं. दोन आकड्यांतला फरक त्यापेक्षा मोठा असेल तरच बदल खरा मानायचा. समजा विचलन ०.३ मिमी निघालं, तर ०.८३ च्या आतला फरक वहीत मांडायचाच नाही. आणि हे उभं राहणं, वाकणं, किरणाचा कोन सगळं तेच ठेवून. तुमच्या दोन फिल्ममध्ये तर एक झोपून काढलेली दिसते. ते दोन वेगवेगळ्या खात्यांचे आकडे आहेत, वजाबाकी मांडता येणारच नाही.

---

निशिगंधा (गुरुवार, सकाळी ८:१५)

"खाती वेगळी" म्हटल्यावर भाऊ गप्प झाला. स्वतः आईपाशी जाऊन म्हणाला, माझा हिशेब चुकला होता. आईने विचारलं, "मग आता सहा वर्षांनी काय होणार?" तो म्हणाला, "माहीत नाही." ती म्हणाली, "मग आधी कशाला सांगितलंस?"

जुनी फिल्म मी बाद ठरवली आहे. नवीच्या पाकिटावर पेनाने लिहून ठेवलंय: उभं राहून, पठाराची एक रेघ, ३.१. गुडघा किती अंशात वाकवला होता ते त्या ठिकाणी फोन करून विचारते आणि तेही लिहिते.

---

मंद_समीर (गुरुवार, सकाळी ११:४०)

नवीन सदस्य आहे, धागा आताच वाचला. माझ्या वडिलांचं उलटं झालंय! दोन वर्षांपूर्वी फट ३.८ होती, आता ५.२ आली. ते एक तेल लावतात. कूर्चा परत आली म्हणायची का?

---

क्षकिरण (गुरुवार, सकाळी ११:४३)

दोन्ही फिल्म उजेडावर धरा. लंबगोल कुठल्या फिल्मवर आहे ते सांगा, तेलाचं नंतर बघू.